बिनब्रेकची गाडी

"आपण बाबा छोट्या टीमच्या बाजूचे," असं कुणी छाती काढून सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. परवा नातू टीव्हीवर फुटबॉल बघताना हेच म्हणाला आणि मी रिमोट उचलून टीव्हीच बंद केला. तो म्हणाला, "नाना, इट्स जस्ट अ गेम." त्याला काय सांगणार कपाळ! मी पंचविशीत असताना असाच एक छोट्या टीमवाला भेटला होता. त्याच्यापायी माझ्या मावसभावाला हे शारजा सोडून परत जावं लागलं. निदान मी तरी वर्षानुवर्षं सगळ्यांना हेच सांगत आलोय.

साठच्या दशकाचा शेवट होता. एमिरेट्स हे नावसुद्धा अजून नव्हतं. शारजात गोऱ्यांचा तळ होता आणि तळाच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये मी मेकॅनिक होतो. आज जिथं गॅरेजांच्या रांगा आहेत तिथं तेव्हा नुसती वाळू होती. आमचा फोरमन गोरा सार्जंट. लढाईचा काळ हिंदुस्थानात काढलेला, त्यामुळं कामापुरतं मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. माणूस तसा वाईट नव्हता, शिव्या देतानाही नाव घेऊन द्यायचा. पण त्याला एक वेड होतं, आणि ते वेड म्हणजे त्याच्या गावची मोटरसायकल रेस.

ही रेस कशी, तर अंड्याच्या आकाराचा मातीचा ट्रॅक, चार गडी, चार फेऱ्या. सगळी वळणं डावीकडं. डावा पाय जमिनीवर घासत, मागचं चाक घसरवत वळायचं. आणि गाडीला ब्रेक नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलोच. ब्रेक नसलेली गाडी गॅरेजबाहेर सोडणं आमच्या धंद्यात हराम. साहेबानं दोन वेळा समजावून सांगितलं की त्या ट्रॅकवर एकानं ब्रेक मारला तर मागच्याला जायला जागाच उरत नाही, तो सरळ अंगावर येतो. सगळेच बिनब्रेकचे म्हणून सगळेच वाचतात. मी मान हलवली. पटलं काही नाही.

तिकडं विलायतेत या रेसच्या दोन लीग होत्या, वरची आणि खालची. साहेबाची टीम खालच्यातली, आणि खालच्यातही बऱ्यापैकी खाली. बहिणीच्या पत्रातून निकाल आधीच कळलेला असायचा, तरी तीन आठवड्यांनी येणारा पेपर तो अक्षर न् अक्षर वाचायचा आणि लिहिणाऱ्याशी भांडायचा. पंख्याखाली बनियनवर बसून गळ्यात टीमचा लोकरी मफलर! आम्हाला चहाच्या सुट्टीत त्याची तीच टेप ऐकावी लागे. वरच्या लीगमध्ये काय असतं? जो पहिला सुटला तो जिंकला, बाकीचे नुसते मागून धूळ खातात. खालच्या लीगमध्ये शेवटच्या वळणापर्यंत कोण जिंकेल सांगता येत नाही. आमचा एक रायडर खाटीक आहे, एक नळ दुरुस्त करतो, गाडी स्वतः बांधतात, स्वतः व्हॅनमध्ये घालून आणतात. आणि मग त्याचा आवाज चढायचा. पोरगं जरा नावारूपाला आलं की मोठ्या शहराची टीम येते आणि उचलून नेते. तयार आम्ही करायचा, मिरवायचा त्यांनी. हे सांगताना त्याचे डोळे लाल व्हायचे. बरॅकीतले मोठ्या शहरांचे गोरे त्याची टर उडवायचे, म्हणायचे ही कसली रेस, ही तर दूधवाल्यांची शर्यत. त्यांच्याशी तो हमरीतुमरीवर यायचा.

आणि आम्ही, रत्नागिरी-रायगडची पोरं, हळूहळू त्याच्या टीमचे झालो. हसू नका. जी टीम आयुष्यात बघितली नाही, जिच्या गावाचं नाव धड उच्चारता येत नाही, ती हरली की आमचा चहा कडू व्हायचा. गाडी स्वतः बांधणारा स्वतः चालवतो, हे ऐकायला आम्हाला बरं वाटायचं, दुसरं काय.

माझा मावसभाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. त्याला मीच बोलावून घेतलेला, त्याच वर्कशॉपला लावलेला. निघताना खालानं, म्हणजे माझ्या मावशीनं, त्याचा हात माझ्या हातात देऊन सांगितलं होतं की तुझ्या हवाली केलाय. आमच्यात हे नुसतं बोलणं नसतं. जो बोलावून घेतो त्यानं त्याच्या तापापासून तंट्यापर्यंत सगळ्याचा जबाब द्यायचा. आणि नेमक्या या गड्याला रेसचं खूळ लागलं.

साहेबानंच लावलं. तळाबाहेर सबख्यावर, म्हणजे मीठ धरलेल्या कडक जमिनीवर, रिकामी पिंपं मांडून त्यानं ट्रॅक आखला. भंगारातल्या चार जुन्या मोटरसायकली आम्हाला दिल्या. दिवे, मडगार्ड, ब्रेक, सगळं उतरवून आम्ही त्या हलक्या केल्या. चारातली एक मावसभावानं एकट्यानं बांधली. लॉरीच्या स्प्रिंगचा पट्टा तापवून डाव्या बुटाला लोखंडी तळ केला. तीन महिने दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की हा गडी सबख्यावर. महिन्याभरात गोऱ्यांपैकी कुणी त्याच्या पुढं राहीना. साहेब पिंपावर उभा राहून मफलर फिरवायचा. एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "ये मेरा छोटा लीग का लड़का है. चौथा नंबर इसका." रेसची तारीख ठरली होती, तळावरचे सगळे बघायला येणार होते. तीन गोरे आणि चौथा आमचा. त्या चौथ्या जागेसाठी माझा भाऊ झोपेतसुद्धा डावीकडं कलायचा.

मला मात्र एकच घोर. हा पडला, मान मोडली, तर खालाला काय तोंड दाखवू? त्याला म्हटलं, एवढासा ब्रेक लावू या, शेवटी थांबायला. तो भडकला. म्हणाला, भाई, लाज घालवशील माझी. मग मी त्याला न विचारता लावला. रेसच्या आदल्या दिवशी, तो अंघोळीला गेला असताना. मागच्या चाकाला जुना ब्रेक परत बसवला आणि त्याचा मी वेल्ड केलेला बोटभर पेडल उजव्या फूटरेस्टखाली दडवला. माप त्याच्या पायाचं घेतलं होतं, लहान पाय, पातळ चप्पल. नुसता पाय ठेवला तर लागायचा नाही, अंगठा मुद्दाम खाली दाबला तरच लागेल. वाटलं, रेसच्या ऐन आधी कानात सांगू, म्हणजे काढायला वेळ राहणार नाही. केवढा शहाणा मी!

शुक्रवारी चार वाजता सबख्यावर सगळा तळ लोटलेला. मावसभाऊ डाव्या पायात लोखंडी बूट बांधत होता. तेवढ्यात साहेब आला, सोबत एक कॅप्टन. नवीनच बदलून आलेला, मोठ्या शहराच्या टीमचा चाहता. दूधवाल्यांची शर्यत म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढं हाच. त्याला रेसमध्ये उतरायचं होतं. साहेबानं माझ्या भावाकडं न बघताच गाडीचं हँडल धरलं आणि कॅप्टनच्या हातात दिलं. दोन शब्द नाहीत. भाऊ एका पायात बूट, एका पायात चप्पल असा उभा राहिला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी साहेबाला बाजूला घेतलं आणि तोंडाला येईल ते बोललो. तयार आम्ही करायचा आणि मिरवायचा मोठ्यांनी, हे तूच रडत सांगत होतास ना? तुझं पोरगं नेलं की लूट, आणि आमचं तू नेलंस की काय? आणि दिलंस कुणाला, तर तुझ्या टीमवर थुंकणाऱ्याला! साहेबाची मान खाली होती. मफलरचं टोक बोटाला गुंडाळत तो म्हणाला, "वो अलग बात है. ये ऑफिसर है."

अलग बात! आजही हे दोन शब्द आठवले की माझे कान गरम होतात. त्या खालच्या लीगसाठी बरॅकीत हातघाईवर येणारा हा माणूस, आणि त्याच्या लीगच्या खाली आणखी कुणी माणसं असतील, त्यांचंही कुणी काही उचलून नेऊ शकतं, हे त्याच्या टाळक्यात शिरलंच नव्हतं.

कॅप्टन गाडीवर बसला. त्याचे लष्करी बूट, हे एवढाले. उजवा बूट फूटरेस्टवर ठेवला आणि मला माझा पेडल आठवला. ऐकताय ना? आठवला. स्पष्ट आठवला. दहा पावलांवर मी उभा होतो. "साहब, रुको" एवढे दोन शब्द पुरेसे होते. पण माझ्या डोक्यात राग एवढा भरला होता की मी तोंडात मिठाची गुळणी धरली. मनात म्हटलं, बस तू. बघू या मोठ्या शहराची मिजास. अल्लाची शपथ, हाडं मोडावीत असं मनात नव्हतं. सगळ्यांसमोर गाडी अडखळावी, हसं व्हावं, एवढंच हवं होतं.

गाड्यांपुढं आडवी ताणलेली ट्यूबची पट्टी सुटली, चौघे सुटले. पहिल्या वळणावर कॅप्टननं गाडी घसरवली आणि तोल सावरायला उजव्या पायावर भार टाकला. त्या गाडीवर सगळेच टाकतात. मागचं चाक जागीच जाम झालं. गाडी आडवी उभी राहिली आणि मागून येणारा गोरा सरळ तिच्यावर आदळला. साहेबानं मला दोनदा समजावलेलं, शब्दन् शब्द तसंच. मागचा वरून फेकला गेला आणि खरचटण्यावर सुटला. कॅप्टनची मांडी मोडली. त्याचं ओरडणं इंजिनांच्या आवाजातूनही ऐकू येत होतं.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर साहेबानं गाडी उलटी केली. पेडल सापडायला वेळ लागला नाही. आम्ही सगळे मेकॅनिक ओळीत उभे. त्यानं विचारलं, "किसने लगाया?" माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण माझ्या शेजारून आवाज आला, "मैंने, साहब. मेरा गाड़ी था."

आणि मी तोंड मिटलं.

भावाचा तळाचा पास त्याच संध्याकाळी काढून घेतला, म्हणजे नोकरी गेली. मुद्दाम केलं असं कुणी म्हटलं नाही, नाहीतर आणखी वाईट होऊ शकलं असतं, असं लोक मला समजवायचे. मुंबईची बोट दोन दिवसांनी होती. त्या दोन दिवसांत मी साहेबाला शिव्या घालत होतो. खोलीत, जेवताना, कपडे धुताना, जो भेटेल त्याला सांगत होतो की बघा, हे गोरे कसे. सगळे माना डोलवायचे. मावसभाऊ मात्र ट्रंक भरत होता. लोखंडी बूट त्यानं खोलीतल्या दुसऱ्या एकाला दिला, जळण फोडायला कामाला येईल म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुबईला गेलो. बोट बाहेर खोल पाण्यात उभी होती, खाडीतून लाँचनं तिच्यापर्यंत जायचं. बर दुबईच्या बाजूला धक्क्यावर आम्ही ट्रंकवर बसलो होतो. मी परत साहेबावर सुरू झालो. बराच वेळ ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "भाई, बस कर. पेडल मी गुरुवारीच बघितला होता."

मी वळून त्याच्याकडं बघितलं.

"तुझंच काम, वेल्डिंगवरून कळलं. सकाळी काढणार होतो. पाना खिशातच होता माझ्या, रेसला आलो तेव्हा."

"मग काढला का नाहीस?"

"मग गाडी त्याला दिली," तो म्हणाला.

लाँचवाला ओरडायला लागला, यल्ला, यल्ला, चला लवकर. भावानं ट्रंक उचलली. मला सांगायचं होतं, थांब, मीही बघत होतो, मीही बोललो नाही, आणि लावला तर मीच, चल परत, दोघं मिळून साहेबासमोर उभे राहू. त्याला ऐकायचं होतं की नाही, ठाऊक नाही. तो माझ्याकडं बघत थोडा वेळ थांबला होता, एवढं नक्की. मी म्हणालो, "पोचल्यावर पत्र टाक."

तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी कामावर हजर होतो. साहेबानं विचारलं, भाई गया? मी म्हटलं, गया, साहब.