मास्तरचं टेबल

कापड अंथरलेलं असताना पंखा लावायचा नाही, हा नियम तिनेच केला होता. कोट शिवायचा कारखाना, आणि कोटाचं अस्तर म्हणजे मुलखाचं निसरडं कापड. जवळ उभं राहून शिंकलात तरी काठ हलतो. म्हणून कटिंगच्या खोलीतल्या पंख्याच्या बटणावर तिने आपल्या हाताने चिकटपट्टी लावली होती. ती काढणाऱ्याची अशी खरडपट्टी निघायची की पुन्हा तो त्या भिंतीकडे बघायचा नाही. बाई असूनही सगळे तिला मास्तर म्हणत. लांबलचक टेबलावर थरावर थर अंथरायचे, वर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून खडूने आखायचं आणि मशीनचं पातं फिरवून ढीगभर बाह्या एकदम कापायच्या, हे काम जो करतो तो मास्तर. मग त्याला मिशा असोत नाहीतर नसोत.

ते टेबल तिला सुखासुखी मिळालं नव्हतं. धागे काढण्यापासून सुरुवात, मग काजं, मग बटणं, आणि मग जुन्या मास्तरांच्या हाताखाली वर्षानुवर्षं बोलणी खात उभं राहणं. ते गेले तेव्हा मालकीणबाईंनी बाहेरून माणूस आणायचं ठरवलं होतं. हिने एक अख्खं कापड न चुकता कापून दाखवलं आणि बाहेरचा माणूस बाहेरच राहिला. घरात नवरा बरा होता, बरा म्हणजे बराच होता, पण तू कोण असं कोणी विचारलं असतं तर तिने आधी टेबलाचंच नाव घेतलं असतं.

पन्नाशीच्या आसपास तिची पाळी वेड्यासारखी वागायला लागली. कधी दोन-दोन महिने पत्ता नाही, कधी आली की जायचं नाव नाही. ते एक वेळ चाललं असतं. पण मग ती आग सुरू झाली. छातीतून निघायची, मानेवरून वर चढायची, कान लालभडक व्हायचे आणि डोक्यावर कोणी कढत पाणी ओतावं तसा घाम फुटायचा. घामाचा थेंब अस्तरावर पडला की डाग, म्हणून ती कपाळाला फडकं बांधून काम करायला लागली. इस्त्रीवाला म्हणाला, "मास्तर, लढाईला निघालात का?" सगळे हसले, तीही हसली.

नवरा बस चालवायचा, स्वभावाने गमत्या. "यंदा थंडीत हीटर नको आपल्याला," असं म्हणाला तेव्हा ती पोट धरून हसली होती. तोच विनोद त्याने पुन्हा केला तेव्हा तिने हातातली थाळी भिंतीवर मारली. मग तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. "तुला नीट झोप लागावी म्हणून गं," म्हणाला, आणि ते खरंच होतं. पण झोप कुठली लागायला! उशी पालटून पालटून ती पडून राहायची, आणि दिवसा डोक्यात नुसता कापूस भरलेला. खडू हातात धरून खडू शोधायची. टाचणीला काय म्हणतात ते एकदा आठवेना, तेव्हा "ते टोचायचं दे" म्हणाली आणि मग जिन्यात जाऊन रडली. बहिणीला सांगावं तर बहीण म्हणाली, "सगळ्यांचंच होतं गं, तुझं काय मोठं नवल?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

शेवटी ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, रक्त तपासलं. म्हणाल्या, "हा आजार नाही, हार्मोन्स खालीवर होतायत. कुणाला कळतही नाही, कुणाला फार जड जातं. हार्मोनच्या गोळ्या असतात, पण तुमच्या पायात मागे रक्ताची गुठळी झाली होती ना, म्हणून तुम्हाला त्या द्यायला मी धजत नाही. दुसरं औषध देते. थोडा फरक पडेल."

"कधी थांबेल हे?"

"सांगता येत नाही. काही महिने, नाहीतर काही वर्षं. तुम्ही असं करा, कामावर सांगून ठेवा. मोकळेपणाने बोललं की लोक समजून घेतात."

डॉक्टरीणबाई भल्या होत्या आणि बाकी सगळं त्यांनी बरोबर सांगितलं.

तिने काही कामावर सांगितलं नाही. काय सांगणार, आणि कुणासमोर? इस्त्रीवाल्यासमोर? औषधाने आग जरा कमी झाली असं वाटलं, आणि वाटलं तेवढंच.

मग कोटांची मोठी ऑर्डर आली. तिच्या हाताखाली तिच्याच बहिणीची मुलगी होती. हिनेच तिला कामाला लावलं होतं, हिनेच शिकवलं होतं. भाचीने अस्तराचे खालचे थर अंथरले आणि ती जेवायला गेली. मास्तर एकटीच पुढचे थर अंथरत होती आणि मध्येच आग उसळली. या वेळी अशी, की श्वास अडला. भिंती अंगावर येतायत असं तिला वाटलं. तिने चिकटपट्टी ओरबाडली आणि पंखा लावला. त्याच्या खाली तोंड वर करून, डोळे मिटून उभी राहिली. देवाशप्पथ, त्या क्षणी तिला टेबल, कापड, कारखाना कशाचीच पर्वा नव्हती.

आग उतरली. तिने पंखा बंद केला, पट्टी परत चिकटवली आणि राहिलेले थर अंथरले. कापायच्या आधी टेबलाच्या पलीकडे जाऊन, खाली वाकून सगळे काठ एका रेषेत आहेत का ते बघायचं असतं. ते न बघणाऱ्याला तिने आजवर उभा-आडवा झाडला होता. त्या दिवशी तिने ते बघितलं की नाही, हे तिला आजही आठवत नाही.

बोंब झाली ती शिलाईवर. मधल्या थरांतल्या बाह्या मुंढ्याला, खांद्याच्या जोडापाशी, तोकड्या. कोटात अस्तर पुरेना. कापड संपलेलं, तसलंच पुन्हा मिळायला उशीर, आणि ऑर्डरवाला दारात. मालकीणबाई उलटा केलेला कोट हातात घेऊन कटिंगच्या खोलीत आल्या. मागोमाग सगळा कारखाना.

"थर कुणी अंथरले?"

सगळ्यांच्या नजरा भाचीकडे गेल्या. मास्तरकडून चूक होईल असं कुणाच्या मनातही आलं नाही. पोरगी पांढरीफटक पडली. "मी... खालचे मी अंथरले होते," एवढंच म्हणाली.

"तिचा काही दोष नाही," मास्तर म्हणाली. "मी पंखा लावला होता."

"तू? पंखा?" मालकीणबाईंना आधी हसूच आलं. "का?"

इथे तिला काहीही सांगता आलं असतं. चक्कर आली, उंदीर आला, चूक झाली. पण तिला डॉक्टरीणबाईंचे शब्द आठवले, आणि खोटं बोलायचाही तिला कंटाळा आला होता. ती म्हणाली, "माझी पाळी जायची वेळ आलीय. अंगाची आग होते, झोप नाही. डोकं चालत नाही माझं. काठ बघितला का नाही तेसुद्धा मला आठवत नाही."

इस्त्रीवाल्याने खाली मान घालून खाकरल्यासारखं केलं. मालकीणबाई मात्र विरघळल्या. त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. "अगं वेडे, मग आधी का नाही बोललीस? मला तर बाई कळलंसुद्धा नव्हतं कधी गेली ते. पण प्रत्येकीचं वेगळं. तू आता दमू नकोस हो."

हात दाखवून अवलक्षण! दुसऱ्या दिवशी टेबलावर भाची होती आणि मास्तरला खिडकीजवळ, पंख्याखाली, धागे काढायला बसवलं होतं. "तात्पुरतं गं," मालकीणबाई म्हणाल्या. "बरं वाटलं की तुझी जागा तुझीच." नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "चांगलं झालं की! बसून काम." त्यांच्यातलं कुणीही वाईट नव्हतं. शिव्या घालाव्यात असा एक माणूस तिला सापडेना, आणि तेच तिला सोसवेना.

महिने गेले. आग गेली नाही. एका दुपारी धागे काढताना तिच्या हातात एक बाही आली आणि हात थबकला. कापडाची उभी तार तिरकी गेल्यासारखी वाटली. अशी बाही आज छान दिसते आणि अंगावर चढली की पिळवटते. ती उठली आणि बाही घेऊन कटिंगच्या खोलीत गेली.

"ही तार बघ. फर्मा तिरका बसलाय. कापायचं थांबव."

भाचीने बाही उजेडात धरली, फर्म्यावर ठेवून बघितली. "बरोबर आहे की."

"मापात बरोबर आहे गं, तारेत नाही. हात फिरव ना!"

आवाज चढला होता. मालकीणबाई आल्या, त्यांनीही बाही बघितली. "मला तर ठीक वाटते." आणि नेमक्या त्याच वेळी, काय वैर होतं कुणास ठाऊक, आग उसळली. मान लाल, कान लाल, कपाळावरून घामाच्या धारा. दोघींनी तिच्याकडे बघितलं आणि मग एकमेकींकडे. सगळं समजल्यासारखं.

"मावशी," भाची म्हणाली. कारखान्यात ती कधी मावशी म्हणत नसे. "तू बस बघू. पाणी आणू का?"

"पुन्हा त्रास होतोय का गं?" मालकीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

ती बाही घेऊन वळली. मागे मशीनचं पातं सुरू झालं. ती जागेवर येऊन बसली, घाम पुसला आणि बाही मांडीवर पसरून तिच्यावर हात फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. तार तिरकी वाटली. मग सरळ वाटली. जन्मभर जो हात डोळ्यांच्या आधी सांगायचा, तो आता काहीच सांगेना. त्या दोघींचंच खरं असेल, असं तिला वाटलं.

तिने लोंबणारा धागा कापला आणि बाही चांगल्या मालाच्या ढिगावर ठेवली.