सोडायची ओळ

खामगावच्या आमच्या लॅबमध्ये सॉफ्टवेअर बघायला येणारा तो माणूस माझ्या टेबलासमोर बसायचा, पण बोलायचा नेहमी स्क्रीनकडे पाहून. आमचा प्रोग्राम नवा होता. रक्त तपासणाऱ्या मशीनचे आकडे मात्र एक जुनाट कंपोनंट, म्हणजे प्रोग्रामला जोडलेला तयार तुकडा, आणून द्यायचा. प्रत्येक रिपोर्टनंतर त्याला सोडून देणारी एक ओळ कोडमध्ये लागायची. ती ओळ तो बोट ठेवून तीनतीनदा वाचायचा.

"एवढं काऊन घोकता?" मी एकदा विचारलं.

"घेतलं तं सोडा लागते, भाऊ. नाही तं मागच्याचे आकडे पुढच्याच्या नावावर जातात."

परवा त्याचं बोट एका जागी थांबलं. आठवड्यापूर्वी बदललेल्या त्या भागात ती ओळच नव्हती. त्यानं चहा बाजूला सारला, आठवडाभराची यादी काढली आणि स्वतःच एकेका पेशंटला फोन लावू लागला. "तुमचं रक्त पुन्हा घ्या लागते. त्या रिपोर्टवर भरवसा ठेवू नका."

त्याच आठवड्यात मीही रक्त दिलं होतं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बायकोनं पेढे वाटले होते. यादीत माझंही नाव आहे का, हे त्याला विचारायचा धीर होईना. माझ्याकडे न पाहता त्यानं पुढचा नंबर लावला, आणि माझ्या खिशातला फोन वाजला.