ह्यांच्या आवाजाविरुद्ध तक्रार

मंडळी, आज सकाळी आमच्याकडे कामाला येणारी बिरवाडीची सुनंदा मोबाईल घेऊन धावत आली. "बाई, सर बोलतायत! दुसऱ्या कुणाचा आवाज नाय ह्यो."

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आज ते गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात करत होते.

गेल्या वर्षी ह्यांच्या भाषणांच्या कॅसेटमधली खरखर काढायला मी एका वेबसाइटवरून परदेशी माणूस नेमला. "कमिशन वाचेल, थेट व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू," म्हणाला. त्याचं इंग्रजी इतकं सुरेख, की कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी तिथेच भुलले. त्या कॅसेट त्याच्याशिवाय कुणाकडेच गेल्या नव्हत्या; त्यांवरून एआयने ह्यांचा हुबेहूब आवाज बनवून त्यानेच विकला असणार.

महाडला वकिलाकडे गेले. माझाच जुना विद्यार्थी.

"मॅडम, करार कुठाय?"

"मेसेज आहेत."

"आमचा गृहपाठ तोंडी चालायचा नाही तुम्हाला!"

मग तो गंभीर झाला. काम झाल्यावर फाइली पुसायच्या, आवाज इतरत्र वापरायचा नाही, वाद झाल्यास इथलं न्यायालय, हे लिहून घ्यायला हवं होतं. दावा आजही लावता येईल, पण नोटीस कुठल्या देशात पाठवणार? व्यवहार बाहेर झाला म्हणून वेबसाइटही हात झटकणार. सध्या सायबर पोलिसांत तक्रार आणि जाहिरात काढायची मागणी, एवढंच.

तक्रारीसाठी जाहिरातीतलं प्रत्येक वाक्य लिहून काढलं. त्या चोराचा संताप येत होता, तरी मी ती पुन्हा पुन्हा लावत होते. तीन वर्षांत पहिल्यांदाच हे काहीतरी नवं बोलत होते.

ते बंद करा, असं मी सही करून दिलंय. तुम्ही केली असती सही?