भाऊजींनी ब्लॉग साफ केला

भाऊजी एका गुरुवारी गेले. त्याच गुरुवारी त्यांच्या ब्लॉगचं पान सर्चमध्ये पहिलं आलं. अर्जदार गेल्यावर मंजुरी येण्याची ही पद्धत सरकारी कार्यालयातून संगणकात कधी शिरली, हे विचारायला मात्र भाऊजीच उरले नव्हते.

माझ्या ताईच्या या यजमानांइतका कागद जपणारा माणूस यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले तेव्हा कार्यालयाने त्यांना शाल-श्रीफळ दिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. घराला तो टाकता आला नाही. लग्नपत्रिका, औषधांच्या चिठ्ठ्या, मोडीत गेलेल्या मिक्सरचं हमीपत्र, सगळं टाचून फायलीला लागे. "काढून टाकलेला कागद उद्या लागते, बापू," असं ते मला बजावत. मी ग्रंथपाल. जुनी पुस्तकं रद्दीत घातल्याचं पाप माझ्या नावावर होतंच, म्हणून मी गप्प बसे.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत बोगस बियाण्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा त्यांनी ब्लॉग काढला. पेरलेलं बी उगवलं नाही तर तक्रारीचा अर्ज कसा लिहावा, सोबत काय जोडावं, हे त्यांनी नमुन्यासकट लिहिलं होतं आणि ते खरोखर उत्तम होतं. फक्त कुणाला दिसत नसे. इंटरनेटवर फुकट मिळालेला प्रत्येक कोड त्यांनी ब्लॉगला चिकटवला होता. वरून फुलं पडत, कोपऱ्यात घड्याळ चाले, खाली सुविचार सरकत जाई, आणि वाचक मोजणारी यंत्रं तीन होती, ज्यांचं आपसात कधी जमलं नाही. त्यातलं एखादं बंद पडलं तरी त्याचा कोड जागेवरच राही. उद्या लागला तर?

एका पावसाळ्यात ढाणकीचे सलीमभाई एसटीने थेट घरी आले. व्यवसायाने मेकॅनिक, थोडं वावरही कसत. त्यांचं बी उगवलं नव्हतं. आठवडाभर मोबाईलवर भाऊजींचं पान उघडायची वाट पाहून शेवटी त्यांनी दुबार पेरणी उरकली होती, आणि आता पंचनाम्याला पहिलं पेरलेलं काही शिल्लकच नव्हतं.

"साहेब, फुलं पडून राह्यली, घड्याळ चालू राह्यलं," ते चहा घेत शांतपणे म्हणाले, "अर्जच काय तो येऊन नाही राह्यला. कायले ठेवलं एवढं?"

 

दुसऱ्या दिवशी भाऊजींची सफाई सुरू झाली, तीही रीतसर. सगळा कोड छापून घेतला आणि कार्यालयातल्यासारखे वर्ग पाडले. 'अ' म्हणजे कायम जतन, 'ड' म्हणजे नष्ट. फुलांपुढे 'ड' लिहायला त्यांना दोन दिवस लागले आणि ताईला त्यांची समजूत घालावी लागली. मग पान झटकन उघडू लागलं, आणि थोड्याच दिवसांत सर्चमधून नाहीसं झालं. पानाचा मथळा एकदा पानावर असतो, एकदा आतल्या कोडमध्ये. नियमाने दुसरी प्रत 'ड' वर्गात जाते, म्हणून भाऊजींनी कोडमधली प्रत नष्ट केली. सर्च नेमकी तीच वाचतं, हे मला वाचनालयातल्या एका पुस्तकात सापडलं.

मथळे परत घातले. पहिला होता: "न उगवलेल्या बियाण्याबाबत करावयाच्या तक्रारीबाबत." सलीमभाईंनी फोनवर तो ऐकला आणि असं लिहून कोण शोधते, असं विचारलं. अर्जाच्या विषयालाही अब्रू असते, असं सुनावून भाऊजींनी फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी मला बोलावून त्यांनी आपली खुर्ची दिली.

"तू टाईप कर. माझ्या हातून नाही होत."

मी लिहिलं, 'बी उगवलं नाही, आता काय करू?' त्याखाली त्यांनी एक ओळ घालायला सांगितली: दुबार पेरणीच्या आधी अर्ज द्या. 

पुढे रोज सकाळी भाऊजी आपलं पान सर्चमध्ये कितव्या जागेवर आहे ते पाहत. वर्षभर, त्या गुरुवारपर्यंत, पाहिलं.

ते पान आहे. पेरणीच्या दिवसांत त्यावर अजून प्रश्न येतात. परवा झरी जामणीहून आला. शेतीतलं मला काही कळत नाही. अर्ज मी लिहून देतो.