अंगणभर दोरी

ओल्या अंबाडीला एक वास असतो. आंबूस, किंचित कुजका, तळ्याच्या गाळाची आठवण अंगावर घेऊन येणारा. आमच्या एकोडीच्या तलावात भिजत घातलेल्या अंबाडीच्या पेंढ्या काठावर येऊन पडू लागल्या की तो वास साऱ्या गावभर हिंडायचा आणि शहरातून आलेला पाहुणा नाकाला रुमाल लावायचा. मी मात्र आजही तो वास आला की जागीच थांबते. कारण त्या दिवसांत आमच्या अंगणातल्या निंबाखाली बसून माझे बाबा दोरी वळत असत. लष्करात वीस वर्षं पूल बांधलेला, पुढे जवाहरनगरच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून मान मिळवलेला तो उंचापुरा माणूस पायाच्या अंगठ्यात अंबाडीचे पेड धरून, मान खाली घालून, तासन्‌तास दोरी वळत बसे. कुणासाठी, ते सांगते.

माझ्या बालपणात बाबा म्हणजे वर्षातून एकदा येणारी काळी ट्रंक होती. ट्रंक आली की छपराची कवेलू शाकारली जायची, विहिरीची कप्पी बदलायची, गोठ्याचं दार करकरायचं थांबायचं. आणि घर पुरतं दुरुस्त होतं न होतं तोच ट्रंक पुन्हा साकोलीच्या मोटारीवर चढायची. उरलेले दहा महिने माय एकटीच असे. धानाची रोवणी तिची, कापणी तिची, माझी आजारपणं तिची. मी बाबांना भीत होते, त्यांचा अभिमानही बाळगत होते, पण खरं सांगू का, मला ते आपले वाटत नसत. दारी आलेल्या थोर पाहुण्यापुढे मूल जसं आईच्या पदराआड उभं राहतं, तशीच मी उभी राहायची.

एकाहत्तरच्या लढाईत ते कुठे होते, काय करत होते, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. तेही मी खनपटीलाच बसले म्हणून. जमिनीत पेरलेले सुरुंग शोधून काढायचे, मोकळ्या झालेल्या वाटेच्या दोन्ही अंगांना पांढरी फीत बांधत जायचं, म्हणजे मागून येणाऱ्यांना पाऊल कुठे टाकावं ते कळतं. इतकंच. सांगताना आवाज चढला नाही की डोळे भरले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, "फितीच्या आतून चालला त्याले काई होत नाई." ज्या माणसानं परक्या मातीत हजारोंच्या पावलांसाठी वाट आखली, त्याला स्वतःच्या घरातली एक वाट आखताना किती घाम फुटला असेल, याची मला तेव्हा काय कल्पना असणार!

लष्करातून निवृत्त होऊन ते जवाहरनगरला रुजू झाले, तेव्हा कुठे आम्ही तिघं एका छपराखाली राहायला लागलो. माय क्वार्टरमध्ये आली. नळाचं पाणी, विजेचा दिवा, कारखान्याच्या बसगाड्यांची ये-जा. उभा जन्म चिखलात रोवणी केलेल्या बाईला आता कुठे विसावा मिळायचा, तर तिचे डोळे विझू लागले. काचबिंदू होता. नागपूरच्या डॉक्टरांनी हळुवारपणे सांगितलं की गेलेली नजर परत यायची नाही, आणि उरलेलीही फार दिवसांची नाही. दोन वर्षांत तीही नजर गेलीच. एकसारख्या दारांच्या त्या क्वार्टरच्या रांगेत माय शेजारणीच्या घरात शिरायची, ओशाळून परत फिरायची. एके दिवशी ती बाबांना म्हणाली, "मले एकोडीले न्या. तिथं माह्या पायाले सारं दिसते."

बाबांनी दुसऱ्याच दिवशी राजीनाम्याचा अर्ज लिहिला. ऐन भरात असलेली नोकरी सोडणाऱ्या त्या माणसाला लोकांनी काय नाही म्हटलं? बायकोवेडा म्हटलं, भ्रमिष्ट म्हटलं. मीही, कॉलेजात चार बुकं शिकलेली शहाणी, मनातून चिडलेच होते. ते आपले ट्रंक भरत राहिले.

पण एकोडीला परतल्यावर कळलं, मधल्या वर्षांत मायच्या पायांचा अंदाज सुटला होता. उंबरा होता त्याहून अलीकडे वाटायचा, ओटा संपायच्या आधीच पाऊल खाली पडायचं. बाबा दोन दिवस पाहत राहिले आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागले. ओळंबा आला, फूटपट्टी आली, सागाचे खुंट आले. खाटेपासून चुलीपर्यंत, चुलीपासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून न्हाणीपर्यंत त्यांनी मायच्या हाताच्या उंचीवर अंबाडीची दोरी ताणली. सरळ, जवळात जवळच्या अंतरानं, जणू नकाशावर रेघ ओढावी तशी. उंबरा असेल तिथे एक गाठ, वळण असेल तिथे दोन, विहिरीजवळ तीन. मग मायचा हात धरून त्यांनी तिला ते सारं समजावून सांगितलं, रंगरुटाला सांगतात तसं. मायनं ऐकून घेतलं आणि हात सोडवून घेतला. "मी का गाय आहो का, दाव्याले बांधून ठेवता?"

तिनं दोरीला हात लावला नाही. आणि चौथ्या दिवशी, चुलीवरून उठून गोठ्याकडे जाताना, मधे आडव्या ताणलेल्या त्याच दोरीला अडकून ती तोंडघशी पडली. कपाळ फुटलं. बाबा धावत आले आणि तिच्याजवळ मातीतच बसले. मी त्यांना इतकं हतबल कधी पाहिलं नव्हतं. जिला पडू द्यायचं नाही म्हणून दोरी बांधली, तिला दोरीनंच पाडलं होतं! मायनं पदरानं रक्त टिपलं आणि शांतपणे, जराही न रागावता म्हणाली, "तुमाले काय मालूम मी कुठून कुठं जातो ते? तुमी घरी होते कधी?"

देशासाठी गेलो होतो, हे खरं असलं तरी ते उत्तर नव्हतं. पण बाबांनी पुढे जे केलं, ते मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या पुरुषाला करताना पाहिलेलं नाही. त्यांनी सारी दोरी सोडून गुंडाळून ठेवली, मोजणीची एक जुनी वही काढली आणि सलग आठ दिवस, सकाळच्या सड्यापासून सांजवातीपर्यंत, मायच्या मागे दोन पावलं अंतर ठेवून ते फिरत राहिले. ती कुठे जाते, कुठून वळते, कुठे टेकते, सारं पावलं मोजून टिपत राहिले. तेव्हा त्यांना कळलं की त्यांची बायको चुलीवरून विहिरीला सरळ कधीच जात नाही. आधी गोठ्यात डोकावून गाईच्या पाठीवरून हात फिरवते, मग निंबाच्या सावलीतून वळसा घेते, कुंपणापाशी शेजारच्या सखूकाकीशी दोन शब्द बोलते, आणि मग कुठे तिला पाणी आठवतं. जवळची वाट तिची नव्हतीच.

अंगणाच्या उगवतीकडच्या कोपऱ्यात मात्र ती काहीच कारण नसताना थांबायची. तिथे ना झाड, ना शेजार. बाबांना ते उलगडेना. शेवटी त्यांनी विचारलं, "इथं काहून थांबते वं?" मायनं रस्त्याच्या दिशेनं तोंड वळवलं. मग म्हणाली, "इथून साकोलीचा रस्ता दिसे. पोस्टमन येते का म्हनून पाहत राहो. लढाईत तं दिवसातून धा बार येऊन पाहो. आता दिसत नाई, पन पाय थांबते आपोआप." त्या दिवशी बाबांनी वहीत पुढे काही लिहिलं नाही. वही मिटून ते तिच्याजवळ त्या कोपऱ्यात उभे राहिले, आणि मी ओट्यावरून पाहत होते, ते मान वर करून एकसारखं रस्त्याकडे बघत होते.

नवी दोरी बांधली ती अगदी वाकडीतिकडी. गोठ्यातून, निंबाखालून, सखूकाकीच्या कुंपणाला शिवून, विहिरीवरून फिरून, थेट त्या रिकाम्या कोपऱ्यापर्यंत. गावातली माणसं दारावरून जाताना हसत. "इंजिनेर साहेबानं आंगनात जाळं टाकलं गा!" मला शरमल्यासारखं व्हायचं. पण मायनं या वेळी दोरीला हात घातला. पहिल्या दिवशी नाखुशीनं, मग सवयीनं. आणि बाबा ओट्यावरच्या खाटेवर बसून तिच्याकडे पाहत राहायचे. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान उतरायचं, ते छातीवर पदकं लावलेल्या त्यांच्या फोटोतही नाही.

पुढची सहा वर्षं हेच चाललं. दरवर्षी पावसानं दोरी कुजायची, दरवर्षी बाबा नवी वळायचे. मी लग्न होऊन भंडाऱ्याला गेले, शाळेत शिकवू लागले. दर वेळी माहेरी आले की ते दोघं तसेच दिसायचे. ती दोरीवरून हात सरकवत चाललेली, ते खाटेवरून पाहत असलेले. शेवटचं वर्षभर तर बाबांना दम्यानं खाटेवरून उठवत नव्हतं. तरी बसल्या बसल्या त्यांनी दोरी वळलीच. बोटांत जोर नव्हता, पेड सैल पडत होते. मी म्हटलं, विकत आणू या. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

एका थंडीत ते गेले. माझ्यापुढे एकच काळजी उभी होती. मायचं आता कसं होणार? तिला एकोडीत एकटी ठेवायची कशी, आणि भंडाऱ्याच्या दोन खोल्यांत, जिथे तिच्या पायांना काहीच दिसणार नाही, तिथे कोंडायची तरी कशी? मनाचा हिय्या करून मी ठरवलं की तेरवी झाली की तिला घेऊन जायचं. तिला अजून सांगितलं नव्हतं. अशात तेरवीच्या मांडवाला दोरी आड येते म्हणून मामानं ती सपासप कापून काढली. मी ओरडले, भांडले, ढसाढसा रडले. मामा बिचारा कोयता हातात घेऊन तसाच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो मायची खाट रिकामी! धावत बाहेर आले आणि दारातच थबकले. माय अंगणातून चालली होती. दोन्ही हात मोकळे, मान ताठ. गोठ्यात गेली, गाईच्या पाठीवर हात ठेवला. मांडवाच्या खांबांना अलगद वळसा घालून निंबाखाली आली, कुंपणाशी जराशी थांबली, विहिरीच्या काठापासून बरोबर दोन पावलं अलीकडे थांबून तिनं बादली उचलली. कुठे अडखळली नाही, कुठे चाचपडली नाही.

"माय, तुले दोरीबिगर चालता येते?"

"येते ना वं. तीन-चार पावसाळे झाले असतीन."

"मंग रोज धरत काहून होती?"

तिनं बादली खाली ठेवली. "ते पाहत राहत ना खाटेवरून. मी दोरी धरली का त्यायले बरं वाटे. वीस साल दूर राहिले, माह्यासाठी काई करता नाई आलं म्हनून मनात खात होते. हे एक करता आलं त्यायले. तेही कायले हिसकून घेऊ?"

आयुष्यभर मला वाटत आलं होतं की आमच्या घरात एकानं आधार दिला आणि एकीनं तो घेतला. कोण कुणाच्या आधारानं चालत होतं, हे मला, त्यांच्या पोटच्या लेकीला, त्या सकाळपर्यंत कळलं नव्हतं. भंडाऱ्याला नेण्याचं जे ठरवलं होतं, ते मी ओठांवरही आणलं नाही. मांडवाच्या कडेला कापलेल्या दोरीचे तुकडे पडले होते, त्यांतले दोन उचलून मी म्हटलं, "गाठी मारून पुन्हा बांधून देऊ का, माय?"

"बांधून काय करतं, बाई? आता पाहनारं कोन आहे?"

एवढं बोलून तिनं बादली उचलली आणि ती चुलीकडे निघून गेली.