मावशींच्या हाताचा गुण

बोळातल्या शेजाऱ्यांनो, चौकातल्या या फळ्यावर रोज सुविचार असतो. आज तो पुसून मी सकाळपासूनची हकिकत लिहितोय. राग आला तर येऊ दे.

माझी तान्ही सुमन सकाळपासून किंचाळत होती. घाम, जांभया, नाकाला धार, हातपाय थरथरत होते. तुम्ही जमलात. "दिष्ट लागली की हिला," म्हणत मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्यात. पोरगी आणखी ठसकली.

मी तिला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला तपासून विचारलं, "हिला अफू कोण देतं?"

आपल्या बायका विडी कारखान्यात जाताना पोरं ज्यांच्याकडे ठेवतात, त्या मावशी काल सकाळीच मंद्रूपला लग्नाला गेल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, "दुखणं शमवणारं रसायन मेंदू स्वतः तयार करतो. बाहेरून तयार माल येऊ लागला की आतली गिरणी मंदावते. मग अचानक माल थांबला की अंगाची अशी तडफड होते." सुमनला त्यांनी ठेवून घेतलंय.

दुपारी मावशी परतल्या. "व्हय, मोहरीएवढी गोळी देते की," म्हणाल्या. "आयांनी विड्या वळायच्या का पोरं धरायची?"

आणि तुम्ही म्हणालात, "मावशींच्या हाताला लई गुण हाय, पोरं कशी गप झोपत्यात!"

मग मला एवढंच सांगा. मावशी गावाला गेल्या आणि आज सकाळी आपल्या बोळात मिरच्यांचा धूर किती घरांतून निघत होता?