उघडलेलं पिंप

अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावी विद्यापीठामागे एक लहानसा जुना पब आहे. तिथल्या तळघरात श्रीरंगकाका बिअरची पिंपं राखतात. ही बिअर पिंपातच मुरते आणि हातपंपानं ओढून देतात. पिंप उघडलं की आत हवा शिरते. तीन-चार दिवसांत संपलं नाही तर बिअर आंबते.

"मागच्यांसारखं हेही पिंप मोरीत ओतावं लागलं, तर पंपच काढून टाकू," असं पबची मालकीण म्हणाली होती. तरी काकांनी गुरुवारी मोठ्या आशेनं नवं पिंप उघडलं. संध्याकाळपासून बर्फ पडू लागला, तो रविवारपर्यंत थांबला नाही. गल्ली मुकी झाली. आलेल्या एकदोघांनी थंडगार कॅन मागितले.

सोमवारी मी गेलो, तेव्हा काका पंपाची लाकडी मूठ पुसत होते. इतक्यात दार ढकलून पोरांचा घोळका आत आला. त्यांतला ईशान ओरडला, "काका, आज पंपवालीच हवी! सगळ्यांना!"

काकांचे डोळे लकाकले. त्यांनी घोटभर ओढली, जिभेवर घोळवली आणि ग्लास हळूच खाली ठेवला.

"आंबली रे. कॅन घ्या."

"चालेल यार काका, आम्हाला कुठे कळतंय!"

"मला कळतं ना," म्हणत काका तळघरात उतरले.

खाली पिंप मोरीत रितं होत असल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.